कानातला वारा थांबतो तेव्हा

पुण्याहून सिंहगडाकडे सायकलवर निघालं, की डोणज्यापर्यंत कानात वारा घोंघावत असतो. धायरी फाट्यापर्यंत बसच्या आणि रिक्षांच्या आवाजात तो कळत नाही. खडकवासल्याचं पाणी दिसायला लागलं, रस्ता जरा मोकळा झाला, की मग लक्षात येतं, हा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही, आपल्याच वेगाचा आहे. गोळेवाडीचा नाका ओलांडला आणि चढ लागला, की सायकलचा वेग पंचविसाचा पंधरा होतो, पंधराचा नऊ. तिथे कुठेतरी, नेमकं कुठे ते मला अजून पकडता आलेलं नाही, वारा थांबतो. मग चेनचा बारीक किरकिराट ऐकू येतो, स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि नशीब असेल तर दरीतून शीळकरी कस्तुराची शीळ.

मी हा घाट बरीच वर्षं चढतो आहे. पन्नाशी उलटली, वेग वाढायचं वय गेलं. गाडी असताना, एसटी-जीप असताना माणूस सायकलने घाट का चढतो, हा प्रश्न घरात आणि बाहेर ठरलेला. ‘वर गेल्यावर किती शांत वाटत असेल ना!’ असं त्याचं उत्तरही विचारणाराच देऊन टाकतो. ज्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता सिंहगडाचा वाहनतळ पाहिला आहे, त्यांना या वाक्यातला विनोद कळेल. तिथे शांतता शोधणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडला मोकळी जागा शोधण्यासारखं. शांतता वर नसते. ती मधल्या ९ किलोमीटरांत असते, आणि तीही सगळ्या वेगांना मिळत नाही. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीला ती मिळत नाही, जीव तोडून चढणाऱ्या तरण्याताठ्या पोरालाही मिळत नाही. शरीराच्या ताकदीत एक अरुंद पट्टा आहे. त्यात राहिलं तरच ती सापडते. ती का सापडते, याचा बराचसा हिशेब पदार्थविज्ञानात आणि शरीरशास्त्रात मांडता येतो.

वाऱ्यापासूनच सुरुवात करू. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा शत्रू हवा. तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी २७ किलोमीटरने जाणारा माणूस चढावर ताशी ९ किलोमीटरवर आला, की हवेवर खर्च होणारी त्याची शक्ती एकदम सत्ताविसाव्या भागावर येते. हवा जणू हिशेबातूनच बाहेर पडते. उरतं ते गुरुत्वाकर्षण. हवा लहरी असते. समोरून येते, बाजूने ढकलते, ट्रक गेला की हिसका देते. गुरुत्वाकर्षणाला लहर नाही. रस्त्याचा चढ बदलला नाही तर त्याची मागणीही बदलत नाही. पायाला प्रत्येक फेऱ्यात तेवढंच द्यावं लागतं. मला वाटतं, चढावरच्या शांततेतला पहिला वाटा या एकसुरीपणाचा आहे. जात्यावर दळताना, पाणी शेंदताना हातांना जी लय सापडत असे, तिच्या जातीचीच ही लय.

हवा हिशेबातून गेल्याचा आणखी एक परिणाम होतो. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे लपून चालवलं तर मोठी बचत होते. म्हणून शर्यतीत घोळक्याने चालवतात. घाटात ही लपायची जागा राहत नाही. पुढे कोणी असो नसो, ज्याचं वजन त्याने स्वतः वर न्यायचं. घोळका घाटात फुटतो आणि थोड्याच वेळात प्रत्येक जण एकटा होतो. ‘टूर द फ्रान्स’चा निकाल डोंगरात लागतो तो यामुळेच. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही बोरघाट पहिला चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात ते यामुळेच. सपाटीवर राजा व्हायला दरबार लागतो. घाटातला राजा एकटाच असतो.

आता हा एकटा माणूस नेमकं किती काम करतो ते पाहू. गोळेवाडीपासून गडाच्या वाहनतळापर्यंत सुमारे ९ किलोमीटरांत उंची सुमारे ६०० मीटर वाढते. माणूस, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ८० किलो धरा. ८० किलो ६०० मीटर उचलायला साधारण ४७० किलोज्यूल ऊर्जा लागते. ऐकायला मोठं वाटतं, पण विजेच्या बिलाच्या भाषेत हे एका युनिटच्या आठव्या भागाइतकं भरतं. म्हणजे रुपयाच्या आसपासची वीज. घामाने भिजून, धापा टाकत, एक तास खपून आपण रुपयाभराचं काम केलेलं असतं! हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा जरा नाराज झालो होतो. आता ते आठवलं की चढावर हसू येतं, आणि हसलं की खांदे सैल पडतात. त्याचा फायदाच होतो.

शरीराला मात्र हे काम इतकं स्वस्तात पडत नाही. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच पायडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होते. तासाभरात घाट चढणारा माणूस सुमारे १३० वॅट पायडलवर देतो, आणि त्याच वेळी चारशेहून जास्त वॅट उष्णता अंगाबाहेर टाकतो. जुने शंभर वॅटचे चार बल्ब छातीशी धरून चढावं तसं. सपाटीवर वारा ही उष्णता घेऊन जातो. घाटात वारा नाही, म्हणून नाकाच्या शेंड्यावरून घाम हँडलवर टपटपतो. त्या तासात अर्धा-पाऊण लिटर घाम नुसता वाळून जावा लागतो, तेव्हा कुठे शरीराचं तापमान जागेवर राहतं. जो टपकला तो यात मोजायचा नाही, त्याने काही थंडावा दिलेला नसतो. अन्नाच्या हिशेबात हा सगळा खर्च ५०० कॅलरींच्या घरात जातो. वर पिठलं-भाकरी, कांदा भजी आणि मडक्यातलं दही असा बेत झाला, की हा हिशेब लगेच दुसऱ्या बाजूला झुकतो. वजन कमी करायला म्हणून सिंहगड चढणाऱ्यांनी डबा घरून न्यावा.

तुलनेसाठी म्हणून: ‘टूर’मधले अव्वल चढाईबहाद्दर शरीराच्या दर किलोमागे सहा वॅटच्या आसपास शक्ती अर्धा तास सलग देऊ शकतात. माझ्यासारख्याची मजल किलोमागे दोन वॅटपर्यंत. पण घाटातली शांतता वॅटवर मिळत नसते, आपापल्या ताकदीच्या प्रमाणात मिळते, आणि त्याचं श्रेय एका साध्या यंत्राला जातं.

ते यंत्र म्हणजे गिअर. आमच्या लहानपणी पुणं सायकलींचं शहर होतं. तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर आम्ही आधी कैची शिकलो, मग दांडीवरून पाय टाकायला शिकलो. त्या काळ्या, दणकट सायकलीला गिअर एकच. पायडलचा एक फेरा मारला, की सायकल पाच मीटरांहून जास्त पुढे जायची. सपाटीवर हे उत्तम. चढावर मात्र एवढं अंतर एका फेऱ्यात तोडायचं म्हणजे एकेका पायावर अख्खं अंग तोलावं लागे. म्हणून कात्रजच्या जुन्या घाटात दूधवाला, पेपरवाला, मास्तर, सगळे एका ठरलेल्या जागी उतरत आणि सायकल ढकलत नेत. त्यात कमीपणा कुणालाच वाटत नसे. चढ म्हणजे उतरून चालायची जागा, एवढंच.

आजच्या साध्याशा गिअरच्या सायकलीत पुढचं आणि मागचं चक्र सारख्या दातांचं करता येतं. मग पायडलच्या एका फेऱ्याला चाकही एकच फेरा मारतं, म्हणजे जेमतेम दोन मीटर. मिनिटाला सत्तर फेरे मारले तर वेग होतो ताशी ९ किलोमीटरच्या आसपास, आणि गुडघ्यावर येणारा भार जुन्या सायकलीच्या निम्म्याहूनही खाली. काम तेवढंच राहतं, फक्त बारीक तुकड्यांत वाटलं जातं. कर्ज तेच, हप्ते लहान.

या हप्त्यांना सायकल जगतातूनच मोठा विरोध होता, ही गंमत आहे. ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुबळ्यांची पळवाट वाटे. चालत्या सायकलवर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा त्या शर्यतीत १९३७पर्यंत चालत नव्हती. त्याआधी स्वार घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचं चाक काढत, उलटं बसवत (दुसऱ्या बाजूला जास्त दातांचं चक्र असे) आणि मग चढायला लागत. १९१० साली पिरेनीज पर्वतातले उंच घाट पहिल्यांदा शर्यतीत आले, तेव्हा रस्ते म्हणजे दगडमातीच्या वाटा होत्या. ऑक्ताव लापीझ हा स्वार काही ठिकाणी सायकल ढकलत चढला आणि घाटात उभ्या असलेल्या संयोजकांना ‘खुनी’ म्हणून ओरडला. त्या वर्षीची शर्यत त्यानेच जिंकली. तेव्हा घाटात शांती-समाधान वगैरे त्याला काही सापडलं असेल असं वाटत नाही. त्याच्या हातात हप्ते लहान करायची सोयच नव्हती.

हप्ता किती असावा हे शरीर सांगतं. फक्त त्याची भाषा कळायला हवी. आमच्यातले बहुतेक जण अजूनही समजतात, की चढावर मांड्या पेटतात त्या ‘लॅक्टिक अॅसिड’मुळे, आणि दुसऱ्या दिवशी जिने उतरताना कळ येते तीही त्यामुळेच. ही समजूत जुनी आहे आणि बरीचशी चुकीची. स्नायूत तयार होणारं लॅक्टेट हे कचरा नसून इंधन आहे, हे जॉर्ज ब्रुक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकापासून दाखवून दिलं. एका स्नायूत तयार झालेलं लॅक्टेट रक्तातून दुसरीकडे जातं आणि तिथे जाळलं जातं. हृदयाला तर ते आवडतं खाद्य. घाट संपल्यावर तासा-दीड तासात ते वापरून संपतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या कळेचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. ती कळ स्नायूतंतूंच्या बारीक इजेची.

मग जाळ कसली? जोवर लॅक्टेट तयार होण्याचा आणि वापरलं जाण्याचा वेग जुळलेला असतो, तोवर माणूस तासभर, दोन तास त्याच गतीने चढू शकतो. जोर थोडा वाढवला की हा मेळ तुटतो, स्नायूतली आम्लता वाढते, श्वास एकदम उथळ आणि जलद होतो आणि माणूस मिनिटं मोजायला लागतो. ही सीमारेषा प्रत्येकाची वेगळी. ती शोधायला प्रयोगशाळेत बोटाला सुई टोचून रक्त तपासतात. मी सोबत्याशी बोलून पाहतो. सबंध वाक्य एका दमात बोलता आलं तर आपण रेषेच्या बरेच अलीकडे. दोन-तीन शब्दांवर वाक्य तुटायला लागलं तर रेषेवर. ‘हं’ एवढंच निघालं तर पलीकडे. सोबतीला कोणी नसेल तर मी मनातल्या मनात पाढे न म्हणता मोठ्याने म्हणतो. एकोणतीसचा पाढा मला सपाटीवरही नीट येत नाही, त्यामुळे कसोटी सतराच्या पाढ्यावर घ्यावी.

गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट शास्त्रशुद्ध केली. १९६०च्या दशकात त्याने माणसांना जागेवरच्या सायकलींवर बसवलं, जोर वाढवत नेला आणि ‘किती कष्ट वाटतात ते सांगा’ म्हणून आकड्यांची एक पट्टी पुढे केली. पट्टी सहापासून सुरू होते आणि विसाला संपते. सहा का, तर निरोगी तरुणाचे ठोके साधारण साठ ते दोनशेच्या दरम्यान असतात, आकड्याला दहाने गुणलं की ठोक्यांचा अंदाज यावा. गंमत अशी, की माणसांनी नुसतं वाटलं तसं सांगितलेले आकडे यंत्राने मोजलेल्या ठोक्यांशी बऱ्यापैकी जुळले. म्हणजे आपल्याला आपले कष्ट कळतात. पट्टीवर तेराच्या पुढे लिहिलं आहे ‘काहीसं कष्टाचं’. शांततेचा पट्टा, माझ्या मते, त्या तेराच्या आसपासच. बारात मन भटकतं, बँकेच्या कामाकडे, लग्नाच्या आमंत्रणाकडे. सोळात मन शरीराच्या तक्रारींत अडकतं. तेरा-चौदात भटकायला जागा नसते आणि तक्रारीला कारण नसतं.

भटकायला जागा नसते, हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. मेंदूच्या पुढच्या भागात बेत आखणं, स्वतःवर नजर ठेवणं, ‘लोक काय म्हणतील’ची काळजी करणं असली कामं चालतात. दीर्घ व्यायामात शरीर हलवण्याचं काम मोठं होतं, तेव्हा मेंदू या भागाला तात्पुरतं मंद करत असावा, असा सिद्धांत आर्ने डिट्रिख या शास्त्रज्ञाने मांडला. तो अजून सिद्धांतच आहे. पण घाटातल्या कोंढणपूर फाट्यापुढच्या चढावर कुणी मला अडवून माझा पिनकोड विचारला तर मी गडबडेन हे नक्की.

आणि आनंदाचं काय? गेली काही दशकं सगळं श्रेय एंडॉर्फिनला दिलं जातं. शरीराचीच अफू असं त्याचं वर्णन वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हमखास असतं. अडचण अशी, की रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही, त्याचा रेणू त्यासाठी मोठा पडतो. मेंदूत तयार होणाऱ्या एंडॉर्फिनचा काही वाटा असेलही. पण अलीकडे संशोधकांची नजर दुसऱ्या एका रेणूकडे वळली आहे, आणि त्याची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला मला फार आवडते. १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिव्हेन आणि लुमिर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून एक पदार्थ वेगळा केला. गांजातला नशा आणणारा घटक मेंदूत जिथे जाऊन बसतो, नेमका तिथेच हा आपल्या शरीरातला पदार्थ बसतो. नाव काय द्यावं? त्यांनी थेट संस्कृतातून उचललं आणि नाव ठेवलं ‘आनंदामाइड’. हा रेणू चरबीत विरघळणारा, लहान, त्यामुळे रक्तातून मेंदूत जायला त्याला फारशी आडकाठी नाही. धावणाऱ्यांवर आणि सायकल चालवणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत मध्यम कष्टाच्या व्यायामानंतर रक्तातलं आनंदामाइड वाढलेलं आढळलं आहे. धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा मार्ग रोखणारं औषध आधी देऊन पाहिलं, तरी पळून आल्यावरचा हलकेपणा त्यांना जाणवलाच.

यात ‘मध्यम’ हा शब्द महत्त्वाचा. रमतगमत चालण्याने हा आनंद फारसा वाढत नाही. पुन्हा तोच अरुंद पट्टा.

एक गोष्ट मात्र या पट्ट्यात शिरण्याआधीच माणसाला हरवते, ती म्हणजे डोळे. घाटाच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं, की रस्ता भिंतीसारखा दिसतो. ९ किलोमीटरांत ६०० मीटर म्हणजे सरासरी साडेसहा-पावणेसात टक्के चढ. टक्क्यांचा हिशेब सोपा आहे, शंभर मीटर पुढे गेल्यावर किती मीटर वर गेलो, तेवढे टक्के. आता हाच चढ शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर पाहा: पुरते चार अंशही भरत नाहीत! पट्टीखाली पेन ठेवून पट्टी जरा उचलल्यासारखी. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना टेकड्यांच्या पायथ्याशी उभं करून उतार किती अंशांचा वाटतो ते विचारलं. पाच अंशांची टेकडी लोकांना वीस अंशांच्या आसपास वाटली. १९९५ साली हे निष्कर्ष छापून आले. त्यातली मला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. तोंडाने सांगताना चुकणाऱ्या त्याच लोकांना, न पाहता तळहाताखालची एक फळी टेकडीइतकी तिरकी करायला सांगितली, तर त्यांचा अंदाज बराच बरोबर आला. डोळे घाबरवतात, हाताला खरं कळत असतं. पायालाही कळत असावं.

पुढे याच गटाने सांगितलं, की पाठीवर जड सॅक असली किंवा माणूस दमलेला असला तर टेकडी आणखी उभी दिसते. आणखी एका प्रयोगात सोबत मित्र असला तर ती कमी उभी दिसली. यावर वादही झाले. सॅक अडकवून टेकडीकडे बघायला लावलं की संशोधकाला कोणतं उत्तर हवं आहे ते विद्यार्थी ओळखतात, असं टीकाकारांचं म्हणणं, आणि ते सहज उडवून लावण्यासारखं नाही. तरी मित्राचा मुद्दा मला सोडवत नाही. घाटात भेटणाऱ्या अनोळखी सायकलवाल्याला ‘अजून किती राहिलं?’ असं विचारलं तर एकच उत्तर मिळतं, ‘हे काय, आलंच!’ कोंढणपूर फाट्याच्याही आधी मिळतं. पुण्याच्या पंचक्रोशीत इतकं सर्रास आणि इतक्या सद्‍भावनेने बोललं जाणारं दुसरं खोटं मला माहीत नाही.

डोळ्यांवर उपाय म्हणजे त्यांना लांबचं दाखवायचं नाही. नजर पुढच्या चाकाच्या पाच-सात मीटर पुढे ठेवायची, वळणापलीकडचं वळणाने पाहावं. वळणाबद्दल एक कामाची गोष्ट. भारतीय रस्त्यांच्या मानकांत डोंगराळ भागासाठी चढाची मर्यादा शक्यतो पाच-सहा टक्के आणि अगदीच नाइलाज असेल तर सात-आठ टक्के अशी ठेवलेली आहे. शिवाय तीव्र वळणावर चढ मुद्दाम सौम्य करावा, असंही त्यांत आहे, कारण वळताना वाहनाला जास्त जोर लागतो. सगळे घाट या मानकांत बसतात असं नाही. जुने रस्ते हवे तिथे हवे तसे वर जातात, आणि सिंहगडावरही काही तुकडे असे आहेत की मानकं लिहिणाऱ्याला एकदा सायकल देऊन तिथे पाठवावं. पण वळणाच्या बाहेरच्या अंगाने गेलं तर चढ कमी लागतो आणि आतल्या अंगाने गेलं तर भिंत आडवी येते, हे कुठल्याही घाटात खरं. वळणाच्या आतला आणि बाहेरचा काठ एकाच उंचीवर पोचतात, फक्त बाहेरचा काठ लांबून जातो. रस्ता मोकळा असेल आणि मागून गाडी येत नसेल, तर त्या चार-पाच मीटरांत पायांना जी उसंत मिळते, ती एका घोट पाण्याच्या तोडीची. वळणं यामुळे आवडायला लागतात. सरळ चढाला मी अजून भितो.

फाट्यानंतर, माझ्या पायांच्या मते, खरा घाट सुरू होतो. तिथे एकदा मी हट्टाने एका तरुणाच्या मागे लागलो होतो. त्याच्या सायकलला एक छोटा पडदा, त्यावर वॅट, ठोके, चढाचे टक्के, सगळं दिसत होतं. तीनेक मिनिटं टिकलो. मग काठावरच्या कठड्याला सायकल टेकून उभा राहिलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे आणि तोंडात तांब्याच्या भांड्याची चव. त्या तीन मिनिटांतलं मला काहीही आठवत नाही, ना झाड, ना दरी, ना त्याची सायकल कोणत्या रंगाची होती ते. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने माणसं कामात हरवून जातात त्या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. आव्हान आणि आपली कुवत जिथे जुळतात तिथे ती अवस्था येते, असं त्याचं म्हणणं. आव्हान कमी पडलं की कंटाळा, कुवत कमी पडली की धास्ती. मी त्या दिवशी धास्तीच्या बाजूला तीन मिनिटं राहून आलो.

पण हट्टालाही लोकांनी कुठल्या कुठे नेलं आहे. एकच चढ पुन्हा पुन्हा चढून-उतरून एका दमात एव्हरेस्टइतकी म्हणजे ८,८४८ मीटर उंची गोळा करायची, असा एक प्रकार जगभर चालतो. १९९४ साली जॉर्ज मॅलरी यांनी ऑस्ट्रेलियातल्या डोना ब्युआंग डोंगरावर तो पहिल्यांदा पुरा केला. १९२४ साली एव्हरेस्टवरून न परतलेल्या जॉर्ज मॅलरींचे हे नातू. सिंहगडावर हे करायचं तर घाट पंधरा वेळा चढावा लागेल. मी एकदाच चढतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर पिठलं-भाकरीवाल्या मावशी काय म्हणतील, याचीच मला जास्त धास्ती आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: नाक्यापासूनचा पहिला किलोमीटर आपल्याला जमेल त्याहून हळू चढावा, दोन बाटल्या पाणी घ्यावं, उतरण्याआधी दोन्ही ब्रेक तपासावेत, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. पावसाळ्यात दरडी येतात, घाट बंदही असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. आणि उतरून ढकलायची वेळ आली तर ढकलावं. लापीझनेही ढकलली होती.

वर पोचल्यावर मी गडाच्या दरवाजापर्यंत जातोच असं नाही. दूरदर्शनचा मनोरा दिसतो, वाहनतळावर गाड्यांच्या क्लचचा जळका वास येत असतो, पावलापावलावर कुणी ना कुणी फोटो काढत असतं. मातीच्या मडक्यातलं घट्ट दही खातो, बाटली भरून घेतो आणि उतरायला लागतो. तासभर खपून गोळा केलेले ते ४७० किलोज्यूल आता वीस-पंचवीस मिनिटांत ब्रेकच्या रबरांना आणि हवेला देऊन टाकायचे. पहिल्याच वळणावर कानात वारा परत येतो.

मागच्या रविवारी फाट्याच्या बराच अलीकडे एक मुलगा सायकल कठड्याला लावून, हँडलवर डोकं टेकवून उभा होता. नवी सायकल, नवं हेल्मेट, बाटली रिकामी. मी वेग कमी केला, थांबलो, माझ्या बाटलीतलं पाणी त्याला ओतून दिलं. त्याने अर्धं प्यायलं, अर्धं मानेवर घेतलं.

‘‘काका, अजून किती आहे हो?’’

मी वर पाहिलं. त्याच्या पुढे पाच किलोमीटर तरी होते, आणि त्यातले अवघड सगळे बाकी होते.

‘‘आलंच रे,’’ मी म्हणालो, ‘‘हे काय, त्या वळणामागे. फक्त बाहेरच्या अंगाने घे.’’